सिलोसायबिन: नैराश्यावरील या उपचाराचे संशोधन आपल्याकडे व्हायला हवे का?

धागाकर्ता (औषधविक्रेता, सात रस्ता, सोलापूर)

नैराश्यावरच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन येणारे लोक मी दुकानात रोज पाहतो. चिठ्ठीवर महिनाभराची एस्सिटालोप्रॅम लिहिलेली असते, पण समोरचा माणूस हळू आवाजात "सध्या सातच द्या, गुण आला तर बघू" असे म्हणतो आणि मी पट्टीतून सात गोळ्या कापून देतो. या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे सात दिवसांनी त्याला गुण आलेला नसतो आणि तो पुन्हा येत नाही. अशा लोकांसाठी उपाय ठाऊक आहे. मला विचारायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांविषयी. ते दोन-दोन वर्षे नेमाने गोळ्या घेतात, डॉक्टरांनी दोनतीनदा औषध बदललेले असते, आणि तरीही दर महिन्याला तोच विझलेला चेहरा माझ्यासमोर उभा राहतो.

परदेशात 'मॅजिक मशरूम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अळिंबीतील सिलोसायबिन हे द्रव्य अशाच रुग्णांसाठी तपासले जात आहे. आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९५८ मध्ये अळिंबीतून वेगळे केले. शरीरात त्याचे सिलोसिन होते आणि ते मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहीवर (ते रसायन जिथे जोडले जाते त्या जागेवर) काम करते आणि काही तास भास निर्माण करते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, किमान दोन औषधांनी गुण न आलेल्या २३३ रुग्णांना मानसिक आधारासह एकदाच २५, १० किंवा १ मिलिग्रॅम मात्रा देण्यात आली. नैराश्य मोजण्याच्या ६० गुणांच्या मोजपट्टीवर (गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र) तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटाचे गुण सरासरी १२ ने उतरले, तर १ मिलिग्रॅमच्या गटाचे ५.४ ने. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच या उपचाराला 'ब्रेकथ्रू थेरपी' हा, आशादायक उपचाराची तपासणी लवकर व्हावी यासाठीचा, दर्जा दिला होता आणि ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ तो देऊ शकतात. आपल्याकडील मोठ्या सरकारी संस्थांनीही या चाचण्या हाती घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले मत काय?

प्रतिसाद (समुपदेशक, जुळे सोलापूर)

धागाकर्त्यांची कळकळ मला पोहोचली, तरी मी या मागणीच्या विरोधात आहे. आपण तीन आठवड्यांचे आकडे दिलेत, बाराव्या आठवड्याचेही द्यायला हवे होते. त्याच चाचणीत २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी बाराव्या आठवड्यापर्यंत सुधारणा टिकलेले रुग्ण सुमारे २० टक्के होते. आत्महत्येचे विचार किंवा तशी वर्तणूक तिन्ही गटांत नोंदवली गेली, आणि ज्या रुग्णांच्या बाबतीत आपण बोलत आहोत त्यांच्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या टप्प्यातील मोठ्या चाचणीत, सहा आठवड्यांनी निष्क्रिय गोळीच्या तुलनेत फरक ३.६ गुणांचा निघाला. फरक आहे, पण चमत्कार नाही.

शिवाय ज्याला भास होतात त्याला आपण खरे औषध घेतले आहे हे लगेच कळते आणि ज्याला काहीच होत नाही त्याची घोर निराशा होते. मग मोजपट्टीवर उतरलेले गुण औषधाचे किती आणि अपेक्षेचे किती, हे कसे ठरवायचे?

माझा मुख्य आक्षेप मात्र आपल्या परिस्थितीचा आहे. या उपचारात रुग्णाची आधी तयारी करून घ्यावी लागते, औषध दिल्यावर पाचसहा तास प्रशिक्षित माणसांनी त्याच्याजवळ बसून राहावे लागते आणि नंतर त्या अनुभवावर पुन्हा बोलावे लागते. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला पाच मिनिटे आली तरी तो दिवस चांगला म्हणायचा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. आजही आजारी माणसाला आधी गाणगापूरला नेले जाते आणि सहा महिन्यांनी आमच्याकडे आणले जाते. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, पण ते सहा महिने वाया जातात. अशा ठिकाणी भास निर्माण करणाऱ्या औषधाचा गवगवा झाला तर त्याचा पहिला फायदा भोंदू लोक घेतील, अशी मला धास्ती वाटते.

प्रतिसाद (विडी घरकुल, कुंभारी)

समुपदेशक ताई, आपले आकडे खरे असतील, पण "आधी साधे उपचार पोहोचू द्या" हे वाक्य मी आठ वर्षे ऐकत आले आहे आणि त्या आठ वर्षांत माझ्या आईचे वय वाढले आहे.

आई विड्या वळते. तिचा आजार डॉक्टरांच्या आधी आम्हाला सुपात दिसला. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई चारशेवर आली. मांडीवर सूप, हातात पान कापायची कात्री, आणि ती एकाच पानाकडे कितीतरी वेळ बघत बसायची. आम्ही पद्मशाली आहोत आणि घरात तेलुगू बोलतो. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मनसु बागालेदु." मन बरे नाही, असा त्याचा अर्थ मी सांगितला आणि तेवढ्यावर गोळी लिहून मिळाली. तिने ती नियमाने घेतली, दुसरी घेतली, आता तिसरी चालू आहे. ती उठते, जेवते, सहाशे विड्या वळते, पण माझी आई अजून परत आलेली नाही.

अशा माणसाला १०० पैकी २० ची आशासुद्धा मोठी वाटते. आणि चाचण्या केवळ परदेशात झाल्या तर तेलुगू बोलणाऱ्या, दोन वेळच्या जेवणासाठी विड्या वळणाऱ्या बाईला त्या सहा तासांत काय दिसते, कशाची भीती वाटते, तिच्याशी कोणी कोणत्या भाषेत बोलावे, हे कोण शोधून काढणार? उद्या हे औषध मंजूर झालेच तर ते पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत येईल आणि आम्हाला तेव्हाही थांबायलाच सांगितले जाईल.

प्रतिसाद (महाविद्यालयीन विद्यार्थी, होटगी रोड)

एवढी वाट पाहण्यापेक्षा कोडाईकनालच्या बाजूला मिळणारी अळिंबी आणून थोड्या मात्रेत घेतली तर काय बिघडते? माझे दोन मित्र घेऊन आले आहेत आणि दोघेही ठणठणीत आहेत. केरळ उच्च न्यायालयानेही ती कायदेशीर ठरवली आहे ना?

प्रतिसाद (वकील, सोलापूर)

नाही, असे काहीही ठरलेले नाही. २०२५ मधील तो आदेश एका जामीन अर्जावरचा होता आणि अळिंबी हे 'मिश्रण' समजून तिचे संपूर्ण वजन अमली द्रव्याचे वजन धरता येईल का, एवढाच तो मुद्दा होता. सिलोसायबिन आजही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. त्याच कायद्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी, विहित परवानगीने, मार्ग ठेवलेला आहे. म्हणजे धागाकर्ते जे मागत आहेत ते कायद्यात बसू शकते आणि आपण जे सुचवत आहात ते तुरुंगात नेऊ शकते.

प्रतिसाद (धागाकर्ता)

वकीलसाहेबांनी कायद्याचे सांगितले, मी औषधाचे सांगतो. रानातली कोणती छत्री कोणती हे अनुभवी माणसालाही चुकवते, आणि काही विषारी जाती पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब होऊन थांबल्यासारख्या वाटतात, पण नंतर यकृत निकामी करतात. चाचणीतील मात्रा मोजून दिलेली असते, अळिंबीतील द्रव्याचे प्रमाण मात्र प्रत्येक वेळी वेगळे असते. ज्याला स्वतःला किंवा घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, अशांना या चाचण्यांत घेतच नाहीत. आपल्या आत्या-काकांच्या आजाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? बहुतेक घरांत ते कोणी उच्चारलेले नसते. आपण किंवा आपला मित्र खरोखर खचलेला असेल तर कृपया १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

समुपदेशक ताईंचा बारा आठवड्यांचा आकडा मी द्यायला हवा होता, हे मान्य करतो. तरीही संशोधनाची मागणी मी मागे घेत नाही.

प्रतिसाद (समुपदेशक)

विडी घरकुलच्या ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. भाषेचा मुद्दा माझ्या ध्यानात यायला हवा होता, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण मनातले तेलुगू किंवा कन्नडमध्ये ठेवून माझ्याशी मराठीत बोलतात, हे मी कधी मोजलेले नाही. चाचणी व्हायचीच असेल तर ती सरकारी रुग्णालयात व्हावी, रुग्णाच्या भाषेत बोलणारा माणूस सोबत असावा आणि औषध संपल्यानंतर किमान वर्षभर विचारपूस व्हावी, या अटींवर माझा विरोध सौम्य होऊ शकतो. अटी पूर्ण होणार नसतील तर तो कायम आहे.

आपल्या आईंबद्दल एक विचारते. तीन औषधांनी गुण आला नाही असे आपण म्हणता, पण प्रत्येक गोळी पूर्ण मात्रेपर्यंत वाढवली होती का? थायरॉईड आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासले आहे का? भूल देऊन केल्या जाणाऱ्या विद्युत उपचाराबद्दल कोणी बोलले आहे का? त्याला लोक 'शॉक' म्हणून घाबरतात, पण औषधाला दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यात त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे आणि तो आज मिळू शकतो.

प्रतिसाद (विडी घरकुल)

थायरॉईड कोणी सांगितलेच नव्हते. मात्रेचे मला माहीत नाही, जुन्या चिठ्ठ्या आईच्या ट्रंकेत रेशन कार्डाच्या पिशवीत आहेत, त्या काढून बघते. शॉकचे नाव घेतले तर आई घराबाहेर पडणार नाही, म्हणून ते तिला तेलुगूत कसे सांगावे याचा आधी विचार करावा लागेल. पुढची तारीख गुरुवारची आहे. या वेळी खोलीत मीही तिच्या शेजारी बसेन आणि चिठ्ठ्या सोबत नेईन.