कॉलेजातल्या मुलांच्या प्रकल्पांना गुण द्यावेत का?

पातेरा
आमच्या कॉलेजात मुलं स्वतःहून काही कामं चालवतात: कँटीनच्या कचऱ्याचं खत, चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची, पानांची चौकट), भिंतींवरची चित्रं. पुढच्या वर्षापासून या सगळ्याला गुण द्यायचं घाटत आहे. मी तिथे शिकवते आणि माझा याला ठाम विरोध आहे.

तीन वर्षांपूर्वी पाच मुलींनी कँटीनमागे खड्डा खणला. कुणी सांगितलं नव्हतं. ऑगस्टचा महिना, भाजीची देठं, उरलेला भात, चहाचा चोथा, सगळं ओलं आणि वरून पाऊस. आठवड्यात असा वास सुटला की कँटीनवाला भांडायला आला. सुकं घालायला काही नव्हतं, कारण आवारातला पातेरा, म्हणजे झडलेली सुकी पानं, उन्हाळ्यातच जाळला होता. पुढच्या जानेवारीपासून त्यांनी काजू-फणसाचा पातेरा गोण्यांत भरून छपराखाली ठेवला. पावसाळ्यात एक टोपली ओल्यावर दोन टोपल्या सुकं. वास गेला. खड्ड्यात हात घालवेना, इतकं आतून तापलं होतं.

गुण असते तर पहिला खड्डा बुजवून मार्चपर्यंत 'यशस्वी' अहवाल द्यावा लागला असता. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. हेतू उत्तमच होता. पण माझ्या टेबलावर दरवर्षी तेच अहवाल येतात, वरचं नाव तेवढं बदललेलं.

वाळपईची
मॅडम, मला हे पटत नाही. मी तिसऱ्या वर्षाला आहे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून येते. शेवटचा तास संपला की कदंबची बस गाठायची, ती चुकली तर घरी पोचेपर्यंत काळोख. घरी गेल्यावर गाय आहे, स्वयंपाक आहे. खड्ड्यावर थांबणाऱ्या मुली कोण होत्या? ज्यांच्याकडे स्वतःची स्कूटर आहे त्याच ना? काम स्वेच्छेचं ठेवलं की ते सवडवाल्यांचं होतं. मग सत्काराला नावंही त्यांचीच. गुण दिले तर त्याला वेळापत्रकात तास मिळेल आणि मलाही हात लावता येईल. पातेऱ्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा कमी कळत नाही.

चित्रशाळा
मी मॅडमच्या बाजूने. आमच्याकडे माटोळीची स्पर्धा ठेवली आणि वस्तू मोजून गुण दिले. मुलांनी काय केलं? कांगलांचे वेल मुळासकट ओढून आणले, कवंडळं ही रानफळं कच्चीच तोडली. जितक्या जास्त वस्तू तितके जास्त गुण! पुढच्या वर्षी मोजणी बंद केली. गावातल्या एका आजींना बोलावलं. त्यांनी रानात नेऊन दाखवलं की घोसातली दोन फळं घ्यायची, बाकी पाखरांना आणि बियांना ठेवायची. माटोळी लहान झाली, पण मुलांना प्रत्येक फळाचं नाव आणि ते कुठे लागतं हे सांगता येत होतं. मोजायला लागलात की रान ओरबाडलं जातं.

खाजनकर
गुण द्या नाहीतर देऊ नका, माझं दुखणं निराळं आहे. आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, तुमच्यासारख्याच एका कॉलेजची मुलं आली. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, त्याचं मोठं चित्र शाळेच्या भिंतीवर काढलं. चित्र सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण बांधाला खेकडे भोकं पाडतात. ती पावसाआधी चिखलाने बुजवावी लागतात, नाहीतर खारं पाणी आत शिरतं आणि खारं सोसणारी कोरगूट, आमची भाताची जात, तीसुद्धा हातची जाते. त्या वेळी तुमची मुलं कुठे असतात? आधी परीक्षेला, मग सुटीवर. दोन वर्षं निरोप पाठवला, एकही आलं नाही. स्वेच्छा म्हणजे मन लागेल तेव्हा, असंच होणार असेल तर बांधाला तिचा काय उपयोग?

पातेरा
वाळपईची, तुझं म्हणणं वाचून मी दोन दिवस गप्प राहिले. त्या पाचांपैकी चौघी कॉलेजच्या आसपासच राहणाऱ्या होत्या. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हा एवढं मान्य करते की कामाला वेळापत्रकात जागा हवी. नव्या शैक्षणिक धोरणात ३० तासांच्या प्रत्यक्ष कामाला एक क्रेडिट देता येतं. ते तासांचं द्या. अहवालाचे, फोटोचे, 'यशा'चे गुण मात्र नकोत, त्यावर मी ठाम आहे. हजेरी लागली, हात मळले, पुरे. खड्डा फसला तरी क्रेडिट मिळालं पाहिजे.

वाळपईची
हजेरी लावली आणि बाजूला उभं राहून मोबाईल बघितला तर? तुम्ही एकट्या किती जणांवर लक्ष ठेवणार? पण तास सकाळचा ठेवणार असाल तर मी येते.

चित्रशाळा
क्रेडिट आलं की तपासणीही येते, आणि तपासणाऱ्याला कागदच लागतो. मला भीती वाटते ती हीच.

पातेरा
ती भीती मलाही आहे. खाजनकर काका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. विद्यापीठाचं वर्ष एप्रिलला संपतं आणि तुमच्या बांधाचं तेव्हा सुरू होतं. क्रेडिट मे महिन्यात धरता येईल का, हे मी प्राचार्यांना विचारते. ते नाही म्हणाले तरी मी स्वतः येईन, आणखी दोघी तयार आहेत.

खाजनकर
तीन माणसं पुष्कळ झाली. ओहोटी बघून वेळ कळवतो. चपला काढूनच उतरावं लागेल, चिखल गुडघाभर असतो.