राजीनामा दिला, पण शेवटचा पगार अडकवून ठेवलाय. कायदा काय म्हणतो?

रामबागची_ताई
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ इथे इंदूरला सांवेर रोडवर एका पॅकिंग युनिटमधे डिस्पॅचला होता, सहा वर्षं आठ महिने. राजीनामा दिला, महिनाभराचा नोटिस पिरियड पूर्ण भरला, ३१ मार्च शेवटचा दिवस. आता मे लागला तरी मार्चचा पगार नाही. विचारलं की म्हणतात फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, ४५ दिवसांनी होतं आणि आधी नो ड्यूज, म्हणजे कंपनीचं काही देणं नाही असा सह्यांचा कागद, आणा, आणि नो ड्यूजवर स्टोअरवाला सही करत नाही कारण म्हणे प्लास्टिकचे काही रोल कमी भरतायत, ते याच्याच पगारातून कापणार. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे इतकी वर्षं नोकरी केल्याच्या एकरकमी पैशांचं, तर कोणी नावही काढत नाही. घरभाडं थकलंय, मुलीची फी भरायचीय. असं करता येतं का यांना?

पीथमपूरवाला
ताई, पेरोलच्या कामातच आहे म्हणून सांगतो, ४५ दिवस हा कंपन्यांनी पाडलेला रिवाज आहे, कायदा नाही. वेतन संहिता २०१९ आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, तिचं कलम १७ बघा. कामावरून काढलं, छाटणी केली, कंपनी बंद पडली किंवा माणसाने स्वतः राजीनामा दिला, काहीही असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. १९३६ च्या जुन्या कायद्यातही दोन दिवस होतेच, पण मालकाने काढलं तरच, आणि पगार २४ हजारांपर्यंत असेल तरच, म्हणून बऱ्याच एचआरवाल्यांच्या डोक्यात अजून ‘राजीनामा दिलाय ना, मग थांबा’ हेच बसलंय.
ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस. पाच वर्षं झालीयत म्हणजे हक्काचीच आहे, आणि वरचे आठ महिने सहापेक्षा जास्त म्हणून सात वर्षं धरतात. समजा महिन्याचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,००० असेल तर त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग सातने गुणा, ५६,५३८ च्या आसपास येतात. एवढी रक्कम सोडू नका.

सियागंज_व्यापारी
दुसरी बाजूपण बघा भाऊ. माझ्याकडेही माणसं कामाला आहेत, कोणी माल घेऊन निघून गेला तर दोन दिवसांत पैसे देऊन मी काय करू? हिसाब जुळल्याशिवाय पैसे सोडायला भीती वाटते.

लोकमान्यनगरकर
दादा, तुमची भीती खरी आहे पण त्यासाठी कायद्यात रस्ता दिलाय. नुकसान कापता येतं, पण तो माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालेलं पाहिजे, आणि कापायच्या आधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. वर सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर नेता येत नाहीत. रोल कमी आहेत असं तोंडी सांगून अख्खा महिना दाबून ठेवायचा, हे यात कुठेच बसत नाही. ज्याने मार्चभर उभं राहून गाड्या भरल्या त्याचे ते पैसे आहेत, स्टोअरच्या सहीशी त्यांचा काय संबंध?
ताई, आधी कंपनीला लेखी द्या, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही, त्यात शेवटचा दिवस, थकलेला पगार, ग्रॅच्युइटी सगळं लिहा, आणि रोलची कपात कशाच्या आधारावर ते लेखी मागा. तरी हलले नाहीत तर लेबर ऑफिस. एमपीच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय आपल्या इंदूरलाच आहे, भोपाळला चकरा मारायच्या नाहीत. क्लेम तीन वर्षांच्या आत लावता येतो, पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, आणि अधिकाऱ्याला वाटलं तर रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो.

रामबागची_ताई
खूप धीर आला. एक विचारायचं राहिलं, काल त्याला फोन आला की येऊन एका कागदावर सही कर, पैसे नंतर खात्यात टाकू. कागदावर ‘सर्व रक्कम मिळाली’ असं आहे म्हणे.

पीथमपूरवाला
अजिबात करू नका. खात्यात पैसे आले, बँकेचा मेसेज बघितला, मगच सही, आणि तीही जेवढे आले तेवढ्याच रकमेची. ग्रॅच्युइटी बाकी असेल तर पेनाने ‘ग्रॅच्युइटी मिळालेली नाही’ असं लिहून तारीख टाका आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. मार्चची सॅलरी स्लिप पण मागून घ्या, ती देणं त्यांना भागच आहे.