मदत हवी आहे : बेकरीच्या चीज-भाजी पॅटिसमध्ये नेमकं किती काय असतं?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. वडिलांना पाच वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. घरी कळण्याची भाकरी आणि भरीत अगदी मोजून खातात, पण रोज संध्याकाळी फिरून येताना बेकरीतून एक पॅटिस घेतातच. आत बटाट्याची भाजी आणि चीजची स्लाइस. सुटा माल, त्यामुळे पाकीट नाही नि लेबलही नाही.

काल एक पॅटिस वजनकाट्यावर ठेवलं : ११० ग्रॅम. माझा अंदाज असा. मैदा ४० ग्रॅम धरला तर साधारण १४० कॅलरी. पापुद्र्यांतलं तूप-डालडा २५ ग्रॅम धरलं, तर ग्रॅमला ९ प्रमाणे २२५! म्हणजे मैद्यापेक्षा चरबीच्याच कॅलरी जास्त. चीजच्या ६० आणि थोडा बटाटा धरून साडेचारशेच्या आसपास जातं. मी वडिलांना इतके दिवस फक्त मैद्यावरून बोलत होतो, याचं वाईट वाटतंय.

बेकरीचा कुणाला अनुभव असेल तर सांगा, किलोभर मैद्याला तूप किती लावतात? माझे २५ ग्रॅम जास्त धरले गेलेत का? मिठाची खरी काळजी आहे. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायचंय, आणि चीज, भाजी, पीठ तिन्हींत मीठ असतं. २०२२ पासून ट्रान्स फॅटला (डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलातली, हृदयाला घातक चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण सुट्या मालात ते ओळखायचं कसं?

पूर्ण बंद करायला सांगितलं तर ते लपून खातील. अर्धं खाल्लं तर चालेल का? आहारतज्ज्ञ कुणी असाल तर कृपया लिहा.