‘रिफ्लेक्शन’ म्हणजे चिंतन की फेरविचार?

प्रश्न : आमच्या बी.एड. महाविद्यालयात आंतरवासिता (शाळेत जाऊन करायचा अध्यापनाचा सराव) संपल्यावर प्रत्येक छात्राध्यापकाने शिकवताना आलेला एखादा अनुभव स्वतःच्या आवाजात, छायाचित्रांसह, तीन मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीत मांडायचा असतो. गुणदान तक्त्यावर मी ‘डिजिटल कथाकथनातील चिंतनाचे मूल्यमापन’ असे शीर्षक घातले. पण आपल्याच अनुभवाकडे विचारपूर्वक पाहणे या अर्थाच्या ‘रिफ्लेक्शन’साठी ‘चिंतन’ हा शब्द योग्य आहे का, अशी शंका एका सहकाऱ्यांनी काढली. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ : ‘परावर्तन’ तर नकोच, ते प्रकाशाचे होते. ‘चिंतन’ शिक्षणशास्त्रात रुळलेला आहे, तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र मराठीत या शब्दाभोवती अध्यात्माचे एक वलय आहे आणि विद्यार्थी त्यालाच प्रतिसाद देतात. तक्त्यावर ‘चिंतन’ दिसले की फितीच्या शेवटी ‘या अनुभवाने मला खूप काही शिकवले, शिक्षक हा समाजाचा शिल्पकार असतो’ अशी वाक्ये हमखास येतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये मांडलेली कल्पना याहून पुष्कळ रोखठोक होती : आपण जे खरे मानतो ते कोणत्या आधारावर मानतो आणि त्यातून पुढे काय निष्पन्न होते, हे चिकाटीने तपासणे. या अर्थाच्या जवळचा, रोजच्या वापरातला शब्द म्हणजे ‘फेरविचार’. निर्णयाचा फेरविचार होतो तसा समजुतीचाही व्हायला हरकत नाही.

एक उदाहरण देतो. पाचवीला अपूर्णांक शिकवणाऱ्या एका छात्राध्यापिकेने फळ्यावर चपाती काढून तिचे दोन भाग केले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आमच्या घरची पाव भाकरी तुमच्या अर्ध्या चपातीएवढी असते.’ वर्ग हसला आणि तिने त्याला खाली बसवले. फितीत ती सांगते की, त्या रात्री पाठाचे टाचण पुन्हा वाचताना ‘पूर्ण वस्तू समान असेल तरच’ ही अट आपण उच्चारलीच नव्हती, हे तिच्या लक्षात आले. मुलगा चेष्टा करत नव्हता, तो तिच्या पाठातले भोक दाखवत होता. दुसऱ्या दिवशी तिने त्यालाच फळ्यापाशी बोलावून लहानमोठ्या दोन भाकऱ्या काढायला लावल्या. तिच्या फितीत संगीत नव्हते, छायाचित्रेही अंधुक होती आणि एका परीक्षकांनी नेमके तेवढ्यावरच गुण कापले.

याला ‘कथाकथन’ हा शब्दही काही अंशी जबाबदार आहे, असे मला वाटते. मराठी माणसाला कथाकथन म्हटले की शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आठवतात, म्हणजेच रंगवून सांगण्याची कला आठवते, आणि परीक्षक नकळत रंगतीला गुण देतात. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आदी कलावंतांनी डिजिटल कथाकथनाला जे रूप दिले, त्यात सामान्य माणसाने स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग स्वतःच्या आवाजात सांगणे हा गाभा होता. त्यासाठी मराठीत ‘अनुभवकथन’ हा शब्द आयता आहे.

प्रतिसाद २ : ‘अनुभवकथन’ मान्य. ‘फेरविचारा’बद्दल मात्र एक अडचण आहे. व्यावसायिक आपल्या कामातून कसे शिकतात याचा अभ्यास करणारे अमेरिकन विचारवंत डोनल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती झाल्यानंतरचा विचार आणि कृती चालू असतानाचा विचार असे दोन प्रकार वेगळे केले. फेरविचार पहिल्यालाच लागू पडतो. वर्गात उभ्या उभ्या पाठाचा मार्ग बदलणाऱ्या शिक्षकाने फेरविचार केला असे आपण म्हणत नाही, त्याला ‘प्रसंगावधान’ म्हणतो. ‘सिंहावलोकन’ सुचवणार होतो, कारण चालता चालता वळून पाहणे हाच त्याचा मूळ अर्थ. पण वार्षिक अहवालांनी तो शब्द पार झिजवला आहे.

प्रश्नकर्ती : शीर्षकात ‘चिंतन’ राहू देते, कारण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तोच शब्द आहे. तक्त्यात मात्र ‘चिंतनाची खोली’ हा निकष काढून तीन प्रश्न घालते : आधी काय वाटत होते, ते कशामुळे डळमळले आणि पुढच्या पाठात काय बदलले. संगीत आणि छायाचित्रांना वीसपैकी चारच गुण ठेवते. ‘मूल्यांकन’ लिहावे, असाही आग्रह झाला होता. परंतु शाळेत आकारिक (शिकणे चालू असतानाचे) आणि संकलित (सत्राच्या शेवटचे) या दोन्हींपुढे आपण ‘मूल्यमापन’च लिहितो, तेव्हा तो बदलत नाही.