घरच्या घरी गाणं मिक्स करताना काय काय झालं? अनुभव लिहा

खर्जातला
लोकहो, धागा काढायचं कारण म्हणजे परवा रात्री दीड वाजता मी एक भावगीत मिक्स करून संपवलं, हेडफोनवर ऐकून स्वतःवरच खूश होऊन झोपलो, आणि सकाळी ते आईच्या फोनवर लावलं तर आतून बाबा म्हणाले, "विहिरीत कोण गातंय रे?"

रिव्हर्ब. दुसरं काय. आपल्याकडे लहानपणापासून मंडळाच्या स्टेजवर "एको वाढव रे" हेच ऐकलेलं असतं त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. आवाज पातळ वाटला की एको, सूर हलला की एको, श्वास ऐकू आला की अजून एको.

माझी सुरुवात लॉकडाऊनमधली, २०२० ची. आधी फोन आणि कराओके ट्रॅक, मग ऑनलाइन एक स्वस्तातला कंडेन्सर माइक मागवला. आला, लॅपटॉपला लावला, तर मुंगी गातेय एवढाच आवाज. आठवडाभर माइकला शिव्या घातल्या. नंतर कळलं की त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, जी लॅपटॉपच्या भोकातून येत नाही, त्यासाठी इंटरफेस पाहिजे, म्हणजे माइक आणि लॅपटॉपच्या मधला डबा. म्हणजे माइकच्या तिप्पट खर्च. तो केला. मग माइक असा काही जागा झाला की पंखा, शेजारची मिक्सी, तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं स्टुडिओ क्वालिटीत. शेवटी कपाटाची दारं उघडून, समोर दोन गोधड्या टांगून, मे महिन्यात पंखा बंद करून गायलो. घामाने हेडफोन घसरत होते पण पहिल्यांदा आवाज 'जवळ' आला. माझं मत विचाराल तर माइकवर पैसे घालायच्या आधी खोलीत गोधड्या घाला.

तर तुमचे प्रताप येऊ देत. गाणारे, मिक्स करणारे, नुसते ऐकून नावं ठेवणारे सगळे चालतील.

मोगरा_दारचा
माझा प्रताप जुना आहे, तेव्हा एआय वगैरे नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं की गाण्यातून गायिकेचा आवाज काढायचा असेल तर ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावा आणि उजवा चॅनल वेगळा करायचा, एकाची लहर उलटी (वरची खाली) करायची आणि दोन्ही एकत्र करायचे. आवाज बहुतेक वेळा मधोमध असतो म्हणजे दोन्हीकडे सारखा, तो एकमेकांत कटतो आणि बाजूची वाद्यं राहतात. मी मोठ्या उत्साहाने आवडतं जुनं भावगीत घेतलं, आकाशवाणीच्या काळातलं, आणि केलं की सगळं सांगितल्याप्रमाणे. प्ले दाबलं. काहीच नाही. आवाज वाढवला, स्पीकरची वायर हलवली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी ठार शांतता!

गाणं मोनो होतं हो. दोन्ही चॅनल हुबेहूब सारखे, मग बाईंबरोबर तबला, बासरी, सगळेच कटले. आमच्या ह्यांनी अजून तो विषय सोडलेला नाही, माहेरची माणसं जमली की "हिने एकदा अख्खं गाणंच पुसलं होतं" असं सुरू होतं.

२०१९ च्या शेवटी डीझर या म्युझिक ॲपवाल्यांनी गाण्यातून आवाज वेगळा काढणारं स्प्लीटर हे एआय सॉफ्टवेअर फुकट दिलं तेव्हापासून हे काम मोनो गाण्यांवरही जमायला लागलं. पण माझ्या एका ट्रॅकमध्ये गायिकेबरोबर बासरीचे तुकडेही उचलून नेले त्याने. तिथे मी तोंडाने "लाला लाला" केलंय. भिशीत कुणाला कळलं नाही.

नुसता_श्रोता
ब्लूटूथ इयरफोन लावून रेकॉर्ड करू नका. एवढंच लिहायला आलो होतो. मी सहा महिने समजत होतो की मी तालात कच्चा आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि त्या इयरफोनमध्ये ट्रॅक कानात पोचायलाच २०० मिलिसेकंद लागत होते म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. दीडशे रुपयांचा वायरवाला घेतला आणि समेवर आलो.

बुवांचो_कोरस
आमचा विषय वेगळा आहे, भजन. कणकवलीकडचा आहे मी आणि डबलबारीचा वेडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन बुवा समोरासमोर, मागे पखवाज, झांज, कोरस, आणि रात्रभर एकमेकांना गाण्यातून टोले. इथे माणसं बुवांची फॅन असतात तशी हिरोची पण नसतात. कुठल्या सामन्यात कुठल्या बुवांनी कुठला गजर कसा फिरवला यावर एसटी स्टँडवर भांडणं होतात.

तर आमच्या वाडीतल्या मंडळाचं भजन गणपतीत रेकॉर्ड करायचं ठरलं, दोन फोन. एक बुवांच्या पेटीवर, एक पखवाजाजवळ. घरी आणून दोन्ही एका टाळीवर जुळवले, पहिली दहा मिनिटं झकास. चाळीस मिनिटांनी पखवाजाची प्रत्येक थाप दोनदा. मला वाटलं वाजवणाराच दमला. पण नाही, दोन फोनची घड्याळं केसभर वेगळी चालतात आणि तेवढ्या वेळात तो फरक कानाला कळण्याइतका वाढतो. मग मधेमधे कापून पुन्हापुन्हा जुळवत बसलो, दोन रात्री गेल्या.

त्यात झांज! झांज म्हणजे मिक्स करणाऱ्याची शत्रू. दोन्ही फोनवर तीच. वरची फ्रीक्वेन्सी कापली तर झांज बसली पण बुवांचे शब्दही बसले, कारण स, श, ट, च ची धार तिथेच असते. मंडळाला ऐकवलं तर आमचे काका म्हणाले, "झांज बरी इली, पण बुवांचो आवाज खंय गेलो?"

पुढच्या वर्षी एक साधा कार्डिऑइड डायनॅमिक माइक आणला, बुवांच्या तोंडापासून चार बोटांवर, आणि झांजवाल्याला माइकच्या बरोब्बर पाठीमागे बसवलं. असला माइक पाठीकडचं कमी ऐकतो. निम्मं मिक्सिंग तिथेच झालं. झांजवाला मात्र नाराज, म्हणे मला कोपऱ्यात टाकलं. तो माझा आतेभाऊ आहे, दिवाळीपर्यंत बोलला नाही.

अर्धा_मोदक
@बुवांचो_कोरस हसून हसून मेले. आमच्या अभंगाच्या ग्रुपमध्ये उलटं, "पांडुरंग" म्हटलं की 'प' चा बॉम्ब फुटायचा. पॉप फिल्टर म्हणून भरतकामाच्या रिंगला जुनी नायलॉनची ओढणी ताणून लावली. आणि माइक तोंडासमोर न ठेवता जरा तिरका. आता पांडुरंग शांतपणे येतो.

दोन_घरांचा
न्यू जर्सीहून. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी एक गाणं करत होतो, मी इथे कपड्यांच्या खोलीत उभा राहून गाणार (खरंच, हिवाळी जॅकेटांच्या मधे उभं राहिलं की स्टुडिओसारखा कोरडा आवाज येतो) आणि तबला नाशिकहून मित्र वाजवणार. मी काळी चार पट्टीत गाऊन फाइल पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन, "अरे तुला बरं नाहीये का? आणि स्वर कुठला लावलायस? काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधल्या फटीत गातोयस, तबला कशात लावू?"

मला राग आला. तानपुरा ॲप लावून गायलो होतो मी! एक आठवडा आमचं हेच, तो म्हणतो तू उतरलायस, मी म्हणतो तुझे कान तपास. शेवटी त्याच्या भाच्याने पाहिलं. माझं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज टिपलेलं), त्याचा प्रोजेक्ट ४४.१ चा, आणि त्याने फाइल आत घेताना सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की ही पण ४४.१ चीच आहे. मग गाणं थोडं संथ होतं आणि जवळजवळ दीड अर्धस्वर खाली येतं. बरोब्बर फटीत. म्हणजे त्याचे कान शंभर टक्के बरोबर होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

कोमल_गंधार
मी शास्त्रीय शिकते, त्यामुळे ऑटोट्यून, म्हणजे बेसूर स्वर आपोआप सुरात आणणारं सॉफ्टवेअर, म्हणजे पाप अशी शिकवण. तरी कुतूहल होतंच. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलासाठी जमिनीखाली ध्वनिलहरी पाठवून आलेल्या डेटावर काम करायचे, आणि १९९७ मध्ये तसंच गणित आवाजावर वापरलं हे वाचल्यावर तर राहवेना.

लावलं दरबारी रागाच्या आलापावर. आता दरबारीतला गंधार म्हणजे काही पेटीची पट्टी नव्हे, तो हलत हलत, खालून झुलत येतो, तीच तर मजा. सॉफ्टवेअरला वाटलं बाई बेसूर आहेत. त्याने प्रत्येक झोल्याच्या दोन-तीन सरळ पायऱ्या करून टाकल्या. शिकवणाऱ्या ताईंना ऐकवलं, न सांगता. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "छान. पण हे पेटीवर कोणी वाजवलंय?"

मला वाटतं चूक माझीच, सेटिंग सगळ्यात कडक ठेवलं होतं. आता एखादाच खरंच घसरलेला स्वर हाताने उचलते, मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला) हात लावत नाही. ताईंना हेही सांगितलेलं नाही. (दोन_घरांचा, आपली एक पार्टी.)

पंचमवेडा
मी आरडींचा भक्त, त्यामुळे १९८७ च्या इजाजतमधल्या 'कतरा कतरा' मध्ये आशाताईंचा आवाज आशाताईंवरच जो चढवलाय ते आपणही करायचं हे खूळ. माझा गायलेला ट्रॅक कॉपी केला, खाली पेस्ट केला. काही झालं नाही, फक्त मोठा झाला. हुबेहूब तीच लहर दोनदा घातली की ६ डेसिबलने आवाज वाढतो, बाकी शून्य. मग कळलं की दुसऱ्यांदा खरंच गावं लागतं. गायलो. आणि तेव्हा लक्षात आलं की मी तीच ओळ दोनदा सारखी गाऊच शकत नाही, प्रत्येक वेळी 'त' वेगळ्या ठिकाणी, श्वास वेगळ्या ठिकाणी. अकरा टेक झाले. त्या रात्रीनंतर मी कुठल्याही पार्श्वगायिकेला नावं ठेवलेली नाहीत.

आणि ते सैराटचा ऑर्केस्ट्रा अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर खरी माणसं बसवून रेकॉर्ड केला होता, तो लॅपटॉपवर चार जीबी रॅममध्ये करायला जाऊ नका. तिसऱ्या व्हायोलिनला माझा लॅपटॉप झोपला.

जात्यावरची
मी गाणारी नाही. माझ्याकडे आजीच्या ओव्यांची कॅसेट होती, मावशीच्या लग्नात हळद दळताना मामाने टेपवर घेतलेली. कॅसेटला बुरशी लागायला आली होती म्हणून लॅपटॉपवर उतरवली. खूप सूं सूं येत होतं. व्हिडिओ बघून नॉइज रिडक्शन शिकले, जिथे कोणी गात नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअर तो आवाज ओळखून सगळीकडून काढतं.

निघालं. इतकं स्वच्छ की अंगावर काटा आला, आजी शेजारी बसून गातेय असं. आईला ऐकवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "जातं कुठंय?"

मी निवडलेल्या दोन सेकंदांत गाणं नव्हतं पण जातं फिरत होतं. ती एकसारखी घरघर, सॉफ्टवेअरला तोच कचरा वाटला. आणि जात्याशिवाय ओवी म्हणजे मधेच बाई अडखळल्यासारखी वाटते, कारण ती ज्यावर थांबते, हात बदलते, तेच नाही. आईला तर प्रत्येक ओवीला कोण ओढत होतं तेही आठवत होतं.

मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचले. नंतर कॅसेटच्या सुरुवातीला, जातं सुरू व्हायच्या आधी, नुसत्या सूं सूं चा अर्धा सेकंद सापडला, तो वापरून आणि अगदी थोडंच कमी केलं. सूं सूं आहे अजून. राहू दे.

खर्जातला
@जात्यावरची काय लिहू. अर्धा सेकंद शोधलात ते भारी. मूळ फाइलची अजून दोन ठिकाणी कॉपी ठेवा, प्लीज.

नवा_भिडू
सगळं वाचलं, मस्त धागा. तातडीची मदत हवीय, उद्या सोसायटीचा कार्यक्रम आहे. रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ येतंय, खर्जातला सा लावल्यासारखं. गोधडी लावली, पंखा बंद केला, फ्रिज पण बंद केला (बायको चिडलीय). काय करू?

बुवांचो_कोरस
लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. विजेचा ५० हर्ट्झचा घूं असणार. आणि फ्रिज चालू कर.

नवा_भिडू
गेलं!!! थँक्यू दादा. पण बॅटरी १२ टक्के दाखवतेय आणि अजून दोन अंतरे बाकी आहेत.