बीएएसएलपीच्या (वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीच्या) विद्यार्थ्यांच्या हाती उपचाराला येणाऱ्या मुलांचा ग्रुप द्यावा की नाही?

वाग्यंत्र: क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामाला, लागलं की ‘लीडरशिप दाखवा’ हे प्रत्येकाला ऐकवलं जातं, पण हातात काही दिलं जात नाही. माझं म्हणणं, तिसऱ्या वर्षाला एक ग्रुप पूर्ण सोपवा. ४ मुलं, ४५ मिनिटं, २ विद्यार्थी. एकाने तास घ्यायचा, दुसऱ्याने फक्त मोजायचं. समजा मुलं ‘क’ला ‘त’ म्हणतात: कान, मका, नाक अशी चित्रं, प्रत्येक मुलाचे २० प्रयत्न, प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक. फसतं ते असं की दोघंही ‘छान! छान!’ करत टाळ्या वाजवतात आणि तास संपतो तेव्हा तक्ता कोरा. मोजणाऱ्याला मुलांपासून लांब, कोपऱ्यात बसवणं हा निर्णय ज्याला घेता आला, त्याने लीड केलं.

ठामपणे_नाही: ग्रुप ठीक आहे, ‘पूर्ण सोपवा’ नाही. स्वतंत्रपणे उपचार करायला १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती इंटर्नशिप संपल्यावर मिळते. तोवर सही सुपरवायझरची. वॉर्डात बघा. पक्षाघाताचा रुग्ण, गिळता येतं का बघायला चमचाभर पाणी दिलं, खोकला नाही. विद्यार्थी खूश. पण पाणी श्वासनलिकेत उतरूनही काहींना खोकला येतच नाही. गिळल्यावर ‘आऽ’ म्हणायला लावून आवाज ओलसर, घरघरता येतो का ते ऐकायचं. तो स्वच्छ आला तरी खात्री नाहीच. अशा वेळी रुग्णाचा मुलगा विचारतो, ‘बाबांना चहा देऊ का?’ पुढाकाराची सवय लागलेला विद्यार्थी ‘थोडा द्या’ म्हणून मोकळा होतो. ‘मॅडमना विचारून सांगते, तोपर्यंत तोंडाने काही देऊ नका’ एवढं बोलायला शिकवा आधी.

वाग्यंत्र: पण हे वाक्य नातेवाइकासमोर न अडखळता बोलणं, यालाही पुढाकारच लागतो की!

ळ_चा_वकील: दोघंही मोठ्या जबाबदाऱ्यांवरून भांडताय. खरी कसोटी लागते ती सुपरवायझर चुकत असेल तेव्हा. वऱ्हाडातलं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं. सुपरवायझर मराठी नसतील तर तक्त्यात ‘ळ सदोष’ असं पडतं आणि मुलावर महिनाभर फुकट मेहनत. तसंच ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा, हिंदीच्या कानाला पहिला चूक वाटतो. विद्यार्थ्याने तिथल्या तिथे, आईसमोर टोकू नये. आधी आईलाच ‘डोळा’ म्हणायला लावावं. तीही ‘डोया’ म्हणाली तर ते नोंदवून तास संपल्यावर दाखवावं.

ठामपणे_नाही: हे मान्य. पण याला मी भाषेचं ज्ञान म्हणेन.

ळ_चा_वकील: ज्ञान असूनही गप्प बसणारे वर्गात निम्मे असतात, बाई.

फाइल_क्र_शून्य: पोस्टिंग बदलतानाचा कागद कोणीच काढला नाही. ‘क वर काम चालू’ एवढंच लिहून विद्यार्थी पुढच्या पोस्टिंगला पळतात आणि नवा विद्यार्थी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतो. असं लिहा: ‘शब्दारंभी क, चित्र बघून, नमुना न देता २० पैकी १४. वाक्यात घेतलेलं नाही. घरी सराव आजी घेते, आई नाही. स्टिकरला विचारत नाही, लाल गाडी दिली की बसतो.’ ही लाल गाडी कुठल्या कपाटात आहे, तेही लिहा.