जपानी मेपल: ब्लडगुड की क्रिम्झन क्वीन? उद्यापर्यंत ठरवायचंय

घाईगर्दी
नर्सरीवाल्याने दोन रोपं उद्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवली आहेत. एक ब्लडगुड, एक क्रिम्झन क्वीन. कुंडीतच लावणार. पानं लालच हवीत. गेल्या वर्षीचा गेला, आता पुन्हा तेच नको. कोणता घेऊ? नाव तेवढं सांगा, जपानी बागांचा इतिहास नको.

ऊनसावली
ऊन किती तास आणि कुठल्या वेळचं? वारा? हिवाळ्यात पारा कुठवर उतरतो? कुंडी केवढी? गेल्या वर्षीचा गेला म्हणजे नक्की काय झालं? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं.

खोडकर
दोन्ही सोडा, सांगोकाकू घ्या. पानगळ झाली की कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल दिसतात. माझ्याकडे नऊ वर्षं आहे.

घाईगर्दी
या काकू कोण? पानं लाल असतात का त्यांची?

खोडकर
नाही, हिरवी. शरद ऋतूत पिवळी. पण फांद्या बघाल तर बाकी सगळं विसराल.

घाईगर्दी
पानं लाल हवीत असं वर लिहिलंय हो.

तारेवरची_कसरत
कोणताही घ्या, पण तार पानगळ झाल्यावरच गुंडाळा. साल पातळ असते, तार रुतली तर वळ वर्षानुवर्षं जात नाही. आणि जाड फांदीला एकदम पीळ देऊ नका.

घाईगर्दी
मला बोन्साय करायचं नाहीये!
@ऊनसावली: पश्चिमेची गच्ची, दुपारी एकपासून मावळेपर्यंत ऊन. वारा असतो. हिवाळ्यात उणे ६, कधी उणे ८. कुंडी ३० सेंमीची. गेल्या वर्षी पानांच्या कडा करपत गेल्या, म्हणून रोज दोनदा पाणी घातलं. तरी गेला.

ऊनसावली
ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. क्रिम्झन क्वीनची पानं झालरीसारखी बारीक चिरलेली असतात. दुपारचं ऊन आणि कोरडा वारा एकत्र आले की आधी तीच करपतात. एरवी कुंडीसाठी तीच बरी: सावकाश वाढते, खाली झुकते, उंची बरीचशी कलम कुठे बांधलंय त्यावर ठरते. ब्लडगुडचं पान रुंद, थोडं जास्त सोसतं. पण तो सरळ वाढणारा, जमिनीत ५-६ मीटर जाणारा गडी आहे. ३० सेंमीत त्याचं भागणार नाही, निदान ४५-५० घ्या. भर दुपारी सावलीचं कापड लावा. पूर्ण सावलीत मात्र नेऊ नका, लाल पानं हिरवट पडतात.
उणे ८चं म्हणाल तर जमिनीतला मेपल ते हसत काढतो. कुंडीत मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते, उणे १०च्या आसपास मुळं मरू शकतात. कुंडी भिंतीला टेकवून गुंडाळून ठेवा.

राणीसाहेब
असहमत. माझी क्रिम्झन क्वीन सात वर्षं भर उन्हात उभी आहे, एक पान करपलेलं नाही.

ऊनसावली
सकाळचं ऊन की दुपारचं?

राणीसाहेब
सकाळचं. पण भर ऊनच आहे ते.

मूळपुरुष
ऊन-बिन नंतर. रोज दोनदा पाणी घातलंत, मुळं कुजली असणार. तळाशी चार बोटं खडी टाका, पाणी साचत नाही.

ऊनसावली
खडीने उलटं होतं. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरापाशी येऊन अडतं आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा अख्ख्या मिश्रणात हवा. झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइटचे हलके पांढरे दाणे वगैरे.

मूळपुरुष
तीस वर्षं खडी टाकतोय. माझ्या झाडांनी हे वाचलेलं नाही.

बीजगणित
अवांतर: निळ्या जपानी मेपलच्या बिया मागवल्या होत्या, चार महिने झाले, उगवत का नाहीत? वेगळा धागा काढू का?

खोडकर
काढू नका. निळा मेपल फक्त फोटोत असतो, रंगवलेला. खऱ्या बियांनाही आधी तीनेक महिने थंड ओल द्यावी लागते, आणि लालच्या बीतून लालच येईल याची खात्री नाही. म्हणून तर कलमं करतात.

घाईगर्दी
कलमावरून आठवलं. गेल्या वर्षीची काठी अजून कुंडीतच आहे. तिला खालून हिरवी पानं फुटलीत, साधी, पाच बोटांची. उपटून त्याच मातीत नवं लावणार होतो.

ऊनसावली
अहो, हे आता सांगताय?! फूट कलमाच्या गाठीच्या खालून आहे की वरून?

घाईगर्दी
गाठ म्हणजे तो फुगीर भाग ना? त्याच्या खालून. वर सगळं वाळलंय.

ऊनसावली
म्हणजे लाल गेला, ज्यावर त्याचं कलम बांधलं होतं तो खुंट जिवंत आहे. तो साधा हिरवा जपानी मेपल, आता लाल होणार नाही. पण त्याच गच्चीत तग धरलाय, हे विसरू नका.
एक काम करा. वरची वाळकी फांदी आडवी कापून आतलं लाकूड बघा. काळपट-हिरवट रेघा किंवा ठिपके दिसले तर व्हर्टिसिलियम असू शकतो. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. तसं असेल तर ही माती वापरू नका, आणि कात्री स्पिरिटने पुसा.

मूळपुरुष
आणि काठीसकट मुळं उचलून वास घ्या. आंबट, कुबट आला तर माझं खरं.

घाईगर्दी
कापली. रेघा नाहीत, लाकूड नुसतं कोरडं, तपकिरी. मूळपुरुष, वास मात्र येतोय.

मूळपुरुष
:)

ऊनसावली
तरी खडी नकोच. ब्लडगुड घ्या, मोठी कुंडी, नवी माती. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी. पान करपलं की आधी बोट मातीत घालून बघा, मग झारी.

घाईगर्दी
ठीक, ब्लडगुड. हिरव्याचं काय करू? टाकवत नाहीये आता.

तारेवरची_कसरत
मला विचारताय ना? खुंट किती जाड आहे?